डाकेच्या टांग्याचे दिवे

कल्याणहून मुरबाडास टपाल नेणारा टांगा आमचा होता. सरकारी तपासणीत तो नापास झाला तो दिव्यांमुळे. दिवे बदलून तो पास झाला आणि त्यानंतरच्या पहिल्याच फेरीत माझे यजमान गेले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, हे मला पुष्कळांनी पुष्कळ परींनी समजावून सांगितले आहे. सासूबाई म्हणत, तो तपासणीचा अधिकारी आपल्या दारात यम होऊन आला. माझा भाऊ, ज्याच्या घरी ठाण्यास मी आता राहते, म्हणतो की अपघात तो अपघात, त्याला मागचेपुढचे काही नसते. मला दोन्ही पटत नाही. म्हणून जे जसे घडले तसे सावकाश लिहून काढते आहे. मला आता कशाचीच घाई नाही.

यजमान आधी कल्याण स्टेशनात माल खात्यात कारकून होते. दिवसभर हमालांच्या आरडाओरड्यात बसायचे आणि घरी आले की हातपाय धुऊन माझ्याकडून वर्तमानपत्र वाचून घ्यायचे, असा त्यांचा नेम होता. माझ्या वडिलांनी मला शाळेत घातले होते, त्याचा अभिमान माझ्यापेक्षा त्यांना जास्त. कोणी पाहुणा आला की म्हणायचे, "आमच्याकडे वाचायचे काम घरातून होते. मी नुसता श्रोता." पाहुणा अवघडून हसे. सासूबाई आतून भांडे जरा जोरात ठेवत.

मुरबाडच्या टपालाचा मक्ता निघाल्याची जाहिरात मीच त्यांना वाचून दाखवली. त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर त्यांनी ती पुन्हा वाचून घेतली. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "दुसऱ्यांची पोती मोजत म्हातारा होण्यापेक्षा हे बरे." नोकरी सोडली आणि मक्ता घेतला. टांगा जुना मिळाला, घोड्यांची जोडी मात्र नवी आणि चांगली होती. दिवे त्यांनी स्टेशनातल्या मोडीच्या लिलावात घेतले. आगगाडीच्या शेवटच्या डब्याला लावतात तसले दोन पितळी कंदील होते ते, जाड भिंगाचे, आणि भिंगे लालभडक. घरी आणून त्यांनी ते चिंच लावून इतके घासले की सासूबाईंना देवाच्या उपकरण्यांची आठवण झाली. दिवसा वाटेवरची धूळ बसू नये म्हणून कंदिलांसाठी मी जाड कापडाच्या टोप्या शिवल्या.

टांगा दुपारी उन्हे कलायच्या आधी कल्याणहून निघे, रात्री मुरबाडास मुक्काम करी आणि पहाटे परतीचे टपाल घेऊन मुंबईच्या गाडीला येऊन मिळे. ती गाडी चुकली तर मक्तेदाराला जाब द्यावा लागे. दोनदा चुकली तर मक्ता धोक्यात. म्हणून परतीची सगळी वाट घोडे पळवतच आणावे लागत. टांगेवाला शहाडच्या बाजूचा आगरी होता, वयाने यजमानांपेक्षा मोठा, तोंडाने फटकळ. पहिल्याच आठवड्यात तो अंगणात उभा राहून म्हणाला, "मालक, हे दिवं लोकांना आपन दिसावं म्हनून झकास हायेत. आपल्याला रस्ता दिसावा म्हनून काय कामाचं नाय."

"रस्ता तुझ्या घोड्यांना पाठ आहे ना?"

"घोड्यांना हाय. खड्ड्यांना नाय."

यजमान मोठ्याने हसले. पण दिवे बदलले नाहीत. लाल उजेड लांबून ओळखू येतो, डाक येते आहे हे बैलगाडीवाल्यांना आधी कळते आणि ते बाजूला होतात, असे त्यांचे म्हणणे. ते खरेही होते. महिन्याभरातच त्या सगळ्या वाटेवर 'डाकेचे लाल दिवे' ही खूण झाली.

सगळ्यांत जास्त ती खूण उपयोगी पडली शहाडच्या फाटकावर. मुरबाडचा रस्ता तिथे रूळ ओलांडतो. अंधार पडला की फाटक रस्त्यावर आडवे बंद करून ठेवायचे, गाडीवानाने हाक मारली की फाटकवाल्याने झोपडीतून बाहेर यायचे, दोन्ही बाजूंना रूळ पाहायचे आणि मग उघडायचे, असा नियम. पण नदीकडून फाटकापर्यंत रस्त्याला उतार आहे. धावत्या घोड्यांना त्या उतारावर आवरून उभे करायचे आणि पुन्हा पळते करायचे म्हणजे घोड्यांचे हाल, आणि वेळही जाई. तेव्हा कोणी न सांगता तिथे एक रीत पडली. उताराच्या माथ्यावर लाल दिवे दिसले की फाटकवाला रूळ पाहून आधीच फाटक उघडून उभा राही. टांगा न थांबता, न हाकारता, धडधडत पार होई. जाताना टांगेवाला आशीर्वाद दिल्यासारखा ओरडे, "जीता रे!" आणि फाटकवाला उलट ओरडे, "पल, पल, पोस्टाची बाय वाट बघते!" हे मला यजमानांनी नक्कल करून दाखवले होते. मी हसले होते. तरी मनात आले होते की एखाद्या दिवशी तो माणूस झोपून राहिला तर? मी तसे विचारलेही. ते म्हणाले, "तो झोपत नाही. आमचे दिवे दिसल्याशिवाय त्याला पहाट झाल्यासारखे वाटत नाही."

भाद्रपदात एक प्रकार घडला. फाटकाच्या अलीकडे रस्ता थोडा वेळ रुळांच्या अगदी कडेने जातो. पावसाळी, झाकोळलेली पहाट होती. कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेल्या आगगाडीच्या चालकाला समोरून दोन लाल दिवे येताना दिसले. त्याने गाडी थांबवली. उतारू खिडक्यांतून डोकी काढून पाहू लागले तेव्हा त्यांच्या शेजारून आमचा टांगा निघून गेला. यजमान त्या दिवशी टांग्यात नव्हते, पण टांगेवाल्याने सांगितलेली हकीकत ते महिनाभर ज्याला त्याला सांगत होते. "माझ्या टांग्याने आगगाडी थांबवली! कारकून होतो तेव्हा मला हमालसुद्धा थांबवता येत नव्हता."

सासूबाई वाती वळत होत्या. म्हणाल्या, "थांबली हे ठीक. पण अरे, इतक्या माणसांना वाटेत थांबवणारा तू कोण?"



दिवाळीनंतर भाड्याच्या गाड्यांची तपासणी असे. ठाण्याहून अधिकारी येत, तलावाकाठच्या मैदानात टांगे आणि बैलांच्या दमण्या ओळीने उभ्या करत, चाके, आस, लगाम, घोड्यांचे खूर, दिवे पाहत आणि पाटीवर छाप मारत. छाप नसलेली गाडी भाड्याने चालवता येत नसे. टपालाची तर नाहीच. आम्ही भाड्याने राहत होतो त्या घराच्या माडीच्या खिडकीतून ते मैदान दिसे. मी खिडकीशी निवडायला तांदूळ घेऊन बसले होते. आमच्या टांग्यापाशी माणसे जमलेली दिसली. मग हशा ऐकू आला. मग एकदम शांत झाले. बोलणे ऐकू येत नव्हते, पण यजमानांची पाठ दिसत होती. ती पाठ हळूहळू ताठ होत गेली.

काय झाले ते टांगेवाल्याने सासूबाईंना अंगणात सांगितले. यजमान आत आले नव्हते, घोड्यांपाशी उभे होते. अधिकारी वयस्क, ब्राह्मण, तंबाखू खाणारा आणि बोलण्यात मिस्कील होता म्हणे. त्याने टांग्याभोवती एक फेरी मारली आणि विचारले, "हा टांगा आहे की मालगाडीचा शेवटचा डबा? तुम्ही येताय की चाललाय, हे समोरच्याने ओळखायचे कसे?" लोक हसले.

यजमान म्हणाले, "साहेब, लाल रंग लांबून दिसतो."

"चितासुद्धा लांबून दिसते. तिच्यावर कोणी डाक पाठवीत नाही."

यावर कोणी हसले नाही. मग अधिकाऱ्याने सरळ सांगितले. आगगाडी थांबल्याची तक्रार त्याच्यापर्यंत आली होती. रुळांजवळच्या रस्त्यावर लाल दिवा चालणार नाही. दोन्ही बाजूंना पांढऱ्या काचेचे, रस्ता उजळणारे दिवे पाहिजेत. चाके उत्तम, घोडे उत्तम, दिवे चूक, म्हणून टांगा नापास. आठवड्याने तो पुन्हा कल्याणास येणार होता; तोवर दिवे बदलले तर छाप, नाही तर मक्ता दुसऱ्याकडे. दुसरा तयारच होता. भिवंडीच्या एका टांगेवाल्याला त्याच दिवशी तात्पुरते टपाल देऊनही टाकले.

"त्याचं काय चुकलं नाय, आई," टांगेवाला सासूबाईंना म्हणाला. "मी वरीसभर तेच बोलतंव."

सासूबाई म्हणाल्या, "शब्द काय तोंडातून काढले ते ऐकलेस ना? अशा माणसाची जीभ काळी असते."

त्या संध्याकाळी यजमानांनी दोन्ही कंदील काढून घरात आणले. लाल भिंगे काढून त्यांच्याच जागी साध्या काचा बसतील का, हे त्यांना पाहायचे होते. त्याआधी शेवटचे म्हणून त्यांनी दोन्ही पेटवले. खोली लाल झाली. पानात वाढलेला भात लाल दिसू लागला. त्यांचा हात, माझे लुगडे, सासूबाईंचे पांढरे केस, सगळे एकाच रंगाचे झाले.  आमच्या घरी दिवा विझव असे कधी म्हणत नसत. मालव म्हणत, नाही तर शांत कर म्हणत. सासूबाईंनी पानावरून हात उचलला आणि म्हणाल्या, "विझव. विझव आधी ते." त्यांच्या तोंडून तो शब्द मी त्याच एका वेळी ऐकला. भात तसाच राहिला.

भिंगे निघाली, पण साध्या काचा त्या कड्यांत बसेनात. मग यजमान ठाण्यास गेले. बाजारात हिंडून त्यांनी स्वच्छ काचेचे, मागे चकचकीत पत्रा लावलेले दोन नवे कंदील आणले. येताना माझ्यासाठी एक पुस्तकही आणले. ते अजून माझ्यापाशी आहे. त्याची जोडलेली पाने मी अजून कापलेली नाहीत. दिवे मात्र खरोखर चांगले होते. तलावाच्या रस्त्यावर संध्याकाळी टांगा जोडून पाहिला तेव्हा टांग्यापुढे चार पावले रस्ता स्वच्छ दिसू लागला, दगड न् दगड. घोडे मात्र बिचकले. त्यांच्या पायांच्या लांब सावल्या त्यांच्याच पुढे नाचू लागल्या आणि उजवीकडचा घोडा सारखा मान फिरवी.

टांगेवाला म्हणाला, "आता रस्ता दिसतो. पन जनावराला सवय होऊ द्या, मालक. चार दिवस दमानं घेऊ."

"चार दिवस दमाने घेतले तर पाचव्या दिवशी भिवंडीवाला कायमचा बसेल. गाडी चुकता कामा नये."

"मग तुमीच बसा माज्या बाजूला."

"बसतो की. पहिली फेरी माझीच."

आठवड्याने अधिकारी आला. त्याने दिवे पेटवून घेतले, टांग्यापुढे उभा राहून स्वतःच्या तळहातावरच्या रेषा त्या उजेडात पाहिल्या आणि म्हणाला, "आता कसे! आता तुम्हाला पुढचे दिसेल." छाप मारली. यजमानांनी त्याला घरी चहाला बोलावले आणि तो आलाही. माणूस वाईट नव्हता. मी आतून चहा पाठवला. त्याने माझ्या कपाटातली पुस्तके पाहून कोण वाचते म्हणून विचारले आणि उत्तर ऐकून "वा" म्हणाला. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे सासूबाईंनी त्याला इतके शाप दिले की तो कसा होता हे माझे मलाही आठवेनासे होईल.

मार्गशीर्ष लागला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी टांगा निघाला. कंदिलांवर माझ्या टोप्या चढवल्या होत्या. यजमान टांगेवाल्याच्या शेजारी बसले. मी खिडकीतून पाहत होते. त्यांनी वर पाहिले, पण चारचौघांत हात कसा करणार? त्यांनी डोक्यावरची पगडी उगीच सारखी केली. मी खिडकीचे दार थोडे हलवले. एवढेच झाले.

त्या रात्री माझ्या मनात एक गोष्ट सारखी येत होती आणि ती कोणती हे मला धरता येत नव्हते. काहीतरी सांगायचे राहून गेले आहे, कोणाला तरी, असे वाटे. मी आठवून पाहिले. शिदोरी दिली होती. घोंगडी दिली होती. मुरबाडच्या टपालवाल्याला नव्या छापेबद्दल ते स्वतःच सांगणार होते. तरी कोणीतरी उरत होते. पहाटे पहाटे डोळा लागला. जाग आली तेव्हा तलावावर इतके धुके होते की पलीकडचे देऊळ दिसत नव्हते. मुंबईच्या गाडीची शिटी झाली. गाडी सुटल्याचे कळले. एरवी गाडी सुटल्यावर थोड्याच वेळात आमचा टांगा दाराशी येई.

सासूबाई म्हणाल्या, "स्टेशनात बोलत बसला असेल. नवे दिवे दाखवत."

मी हो म्हटले. चुलीवर पाणी ठेवले होते ते उकळून आटले. मी पुन्हा ठेवले.

ऊन वर आल्यावर बैलगाडी आली. तीत गवतावर ते निजलेले होते. टांगेवाला गाडीमागून चालत होता, त्याचा एक हात फडक्याने गळ्यात बांधलेला. यजमान शुद्धीवर होते. टांगा फाटकाच्या लाकडी अडसरावर आदळला होता. टांग्याची दांडी मोडून त्यांच्या छातीत लागली होती. वरून जखम फारशी दिसत नव्हती. वैद्य आले, त्यांनी छातीला कान लावला आणि सासूबाईंकडे न पाहता उठले. दिवस मावळायच्या आत सगळे संपले. मधल्या वेळात ते थोडेसे बोलले. ते माझ्याशी होते, इथे लिहीत नाही.

कसे झाले हे त्या वेळी कोणी धड विचारले नाही. धुके होते, घोडे बिचकलेले होते, एवढे सर्वांना पुरले. टांगेवाल्याने इतकेच सांगितले, "फाटक बंद होतं, वहिनी. दिव्यात दिसलं, चांगलं दिसलं. पन दिसलं तवा घोडं त्याच्यावरच होतं." त्या वेळी आगगाडी येत होती का, म्हणून ठाण्याहून आलेल्या माझ्या भावाने विचारले. नव्हती. रूळ दोन्हीकडे मोकळे होते.

फाटकवाला आला तो सुतकाच्या दिवसांत, एका सकाळी. मी त्याला कधी पाहिलेले नव्हते. माझ्या कल्पनेत तो दांडगा, हसरा असा होता. प्रत्यक्षात किडकिडीत, पुढचे दात पडलेला. तो अंगणात आला आणि पायरीपासून लांब, भिंतीला धरून उकिडवा बसला. आपण शहाडचा फाटकवाला असे त्याने सांगितले तेव्हा सासूबाई उठून आत गेल्या. मी दाराआड उभी होते. भावाने विचारले, "काय काम काढलेस?"

तो म्हणाला, "काम नाय. बायला सांगाचं होतं."

"सांग."

तो दाराकडे पाहून बोलू लागला. "बाय, आठ दिवस डाक भिवंडीवाल्याची येत होती. तो थांबं, हाक मारी, मी उघडी. मंग त्या दिशी दुपारी तुमचा टांगा गेला. मना आनंद झाला. मी बोललो, मालक, आलाव का परत? मालक हसून बोलले, 'उद्या पहाटे बघ, ओळखतोस का आम्हाला.' मी बोललो, तुमाला नाय ओळखनार? आंधला असलो तरी ओळखीन."

तो थोडा पुढे सरकला. 

"म्हनून मी झोपलोच नाय. धुकं होतं, म्हनून भाईर येऊन फाटकाला धरूनच उभा होतो. लाल दिवं दिसलं की उघडाचं, नजर तितंच. माथ्यावर पांढरं दिवं दिसलं. मना वाटलं, कनचा तरी लगनाचा टांगा, नाय तर सायबाचा. थांबंल, हाक मारंल. आन बाय, मना हे बी वाटलं, आता डाक येल, त्याच्या आधी ह्याला वाटंत कशाला घेऊ? म्हनून कडी धरून ठेवली. डाकेसाठी धरून ठेवली." त्याने हात पुढे करून मूठ दाखवली. "मंग टांगेवाला वरडला. त्याचा आवाज वलखला तवा कडी काढाय गेलो."

आतून सासूबाईंच्या रडण्याचा आवाज आला. भाऊ उठून आत गेला. अंगणात तो आणि दाराआड मी, दोघेच राहिलो. परक्या पुरुषाशी त्या दिवसांत मी बोलायचे नव्हते. पण विचारल्यावाचून राहवेना.

"आता डाक कोणाची येते?"

"भिवंडीवाल्याचीच. पांढरं दिवं."

"मग आधी उघडता त्याच्यासाठी?"

"नाय. तो बोलला तशी रीत ठेव म्हनून. मी नाय बोललो. आता कुनी बी असो, हाक मारल्याबिगर, तोंड बघितल्याबिगर कडीला हात लावत नाय. चार लोक शिव्या घालतात. घालू दे."

"तसेच करा," मी म्हटले.

तो उठला. कोणी त्याला पाणी विचारले नव्हते, हे माझ्या तेव्हा ध्यानात आले. मी आत जाऊन तांब्या भरून आणला आणि पायरीवर ठेवला. त्याने ओंजळ धरली, पण पाणी वरून घालायला कोणी नव्हते. मी दाराबाहेर आले आणि घातले. तो पुष्कळ प्याला, जणू शहाडपासून तहानलेलाच चालत आला होता.